मुंबईची थंडी कोणी मोजली?

मुंबईला थंडी नसते, हे वाक्य दर डिसेंबरात आमच्या स्टाफरूममध्ये एकदा तरी ऐकू येतं. पुण्याहून बदली होऊन आलेले सर ते जरा तोऱ्यात म्हणतात. नागपूरच्या मॅडम तर हसतातच. हवामान खात्याचे आकडेही त्यांच्या बाजूने आहेत. मुंबईची आजवरची नोंदलेली सर्वांत थंड रात्र २२ जानेवारी १९६२ची. त्या दिवशी कुलाब्याला ११.७ अंश आणि सांताक्रूझला ७.४ अंश तापमान होतं. दिल्लीवाला म्हणेल, ही काय थंडी?

पण या दोन आकड्यांकडे जरा निरखून पाहा. एकच शहर, एकच दिवस, तरी चार अंशांहून जास्त फरक. आणि तापमापक असतो कुठे? जमिनीपासून चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत. लालबागच्या फुटपाथवर झोपलेला माणूस चार फुटांवर झोपत नाही. त्याची पाठ लादीला लागलेली असते आणि पहाटे चारच्या सुमाराला ती लादी अंगातली ऊब ओढून घेते. खाली पुठ्ठा आहे की नाही, अंगावरची चादर सुती आहे की लोकरी, पोटात काय आहे, वय किती, खोकला किती दिवसांचा, यावर त्याची थंडी ठरते. वेधशाळेकडे याची नोंद असण्याचं कारणच नाही. मग ही नोंद कोणाकडे आहे?

हा प्रश्न घेऊन मी दक्षिण आणि मध्य मुंबईचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचत गेलो. एक गोष्ट ध्यानात आली. या शहराने आपले गरीब पुष्कळदा मोजले आणि बऱ्याच वेळा ते नेमके हिवाळ्यात मोजले. पण मोजणाऱ्याच्या मनातला प्रश्न दर वेळी दुसराच होता.

सुरुवात प्लेगपासून करावी लागेल. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. थंडी पडली तशी साथ वाढली आणि फेब्रुवारी १८९७ उजाडेपर्यंत सव्वाआठ लाखांच्या शहरातली जवळपास निम्मी माणसं गावाकडे निघून गेली होती. पुढच्या वर्षांतही प्लेग थंडीच्या महिन्यांत डोकं वर काढायचा आणि कडक उन्हाळ्यात ओसरायचा. त्या पिढीसाठी मुंबईचा हिवाळा म्हणजे भीतीचा हंगाम होता.

त्या हिवाळ्यांत घरोघर माणसं मोजली गेली. झडतीपथकं खोलीत शिरत, काखा-जांघा तपासत, ताप असलेल्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. सामान बाहेर काढून धुरी दिली जाई आणि पुष्कळदा अंथरूण-पांघरूण जाळलं जाई. म्हणजे भर थंडीत ज्याच्या घरी सरकार आलं त्याची गोधडी गेली! रोगजंतूंच्या दृष्टीने त्यात काही चूक नसेलही. पण त्या घराला त्या रात्री कशाची गरज आहे हे विचारायला त्या पथकाला पाठवलेलंच नव्हतं. त्याला फक्त रोगी शोधायचा होता.

९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात याचा स्फोट झाला. उत्तरेकडून आलेल्या विणकरांची, ज्यांना तेव्हा सरकारी कागदात जुलाहा म्हणत, ती वस्ती. तिथे एका तापलेल्या मुलीला तपासून न्यायचं की नाही यावरून वाद पेटला, दगडफेक झाली, गोळीबार झाला, माणसं मेली. इंग्रजी अहवालांत ही घटना धर्मवेड्या अडाण्यांची दंगल म्हणून येते. आपल्याकडचे काही लिहिणारे उलट टोकाला जाऊन तिला थेट स्वातंत्र्यलढ्यात नेऊन बसवतात. मला दोन्ही पटत नाही. परक्या पुरुषांनी घरात शिरून मुलीला हात लावायचा नाही, एवढी साधी हरकत होती ती. तिच्यामागे अनुभव होता, की मोजायला येणारा माणूस काही देत नाही, घेऊन जातो. त्यानंतर झडत्या बऱ्याच सैल झाल्या, निरनिराळ्या जमातींना आपापली इस्पितळं चालवू दिली गेली आणि तरुण आगाखानांनी स्वतः हाफकिन यांची लस टोचून घेतल्यावर खोजा समाजात लसीकरण वाढलं. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, ती आजही तिथेच आहे. विश्वास बसला की लोक दारं उघडतात, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

त्यानंतरची मोठी मोजणी मृतांची. १९१८च्या इन्फ्लुएंझात ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसं मेली. ऑक्टोबर हा मुंबईत थंडीचा महिना नव्हे, पण ती साथ डिसेंबरापर्यंत चालली. आरोग्य अधिकाऱ्यांनी जमातवार मृत्युदर काढले. ते प्रत्येक इतिहासाच्या शिक्षकाने एकदा फळ्यावर लिहावेत असे आहेत. ज्यांना तेव्हा ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणत त्यांच्यात हजारी ६१.६, सवर्ण हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२, पारशांत ९ आणि युरोपियनांत ८.३. विषाणू तोच, हवा तीच. फरक खोलीचा होता, पोटाचा होता, आजारात अंगावर घ्यायला काय आहे याचा होता. त्यातला १९.२ हा आपला आकडा वाचताना मात्र जरा थांबायला हवं. त्यात माझगावचा बंगलेवाला शेठ आहे आणि मदनपुऱ्यात मागाशेजारी झोपणारा विणकरही आहे. सरासरीने दोघांना एकाच चादरीत गुंडाळलं आहे. आपल्या समाजाबद्दल बोलताना आपण आजही ‘मुसलमानांची परिस्थिती’ असं एकवचनी बोलतो, तेव्हा हेच करतो.

गिरणगावाच्या खोल्यांत डोळे उघडे ठेवून गेलेली एक व्यक्ती मला सापडली, डॉ. एफ. डी. बार्न्स. गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांची स्थिती पाहण्यासाठी मुंबई सरकारने त्यांना नेमलं होतं. १९२२च्या त्यांच्या अहवालात चाळीतल्या एका खोलीचं वर्णन आहे. साधारण पंधरा फूट बाय बारा फूट. त्यात सहा कुटुंबं. सहा कुटुंबं खरंच राहतात याचा पुरावा म्हणून त्यांनी काय मोजलं? चुली! जमिनीवर सहा वेगळ्या चुली होत्या. मुलंमाणसं मिळून तीस जण. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आलेले. बाळंतपण कुठे करणार असं विचारल्यावर बरोबरच्या नर्सने तीन बाय चार फुटांचा कोपरा दाखवला, तिथे आडोसा लावत. सहा चुलींच्या धुरात ओल्या बाळंतिणीचं आणि बाळाचं काय होत असेल, ही काळजी बाईंनी लिहून ठेवली आहे.

हिवाळ्याची गरज म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फक्त कांबळं येतं. बार्न्सबाईंना धूर दिसला. मुंबईच्या थंडीत हवा खाली दबून राहते, धूर वर जात नाही. ज्या खोलीला एकच दार आहे तिथे थंडी वाजते म्हणून ते लावून घ्यायचं आणि मग रात्रभर तोच धूर ओढायचा. परळ-लालबागच्या जुन्या माणसांना विचारा, पुरुष मंडळी वळकटी उचलून गॅलरीत नाहीतर रस्त्यावर झोपायला का जात. आत जागा नसे हे एक कारण. आत श्वास घेता येत नसे हे दुसरं. पुढे १९३१मध्ये व्हिटली कमिशनने लिहिलं की मुंबईच्या कामगारवर्गाची ९७ टक्के बिऱ्हाडं एका खोलीची आहेत. तोवर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या होत्या. त्या चाळींवर स्वतंत्र लिहिण्यासारखं आहे, पुन्हा कधीतरी.

आता मोठी उडी मारून ४ जानेवारी १९७६ या दिवसावर येतो. आणीबाणीचा काळ. राज्य सरकारने एका दिवसात मुंबईतल्या सगळ्या झोपड्यांची गणना केली. १,६८० वस्त्या आणि सुमारे २८ लाख माणसं भरली. जानेवारीतला पहिला रविवार! कर्मचारी दारात उभे राहिले तेव्हा किती घरांत पोरं एका चादरीखाली चिकटून बसली असतील! पण त्या गणनेचा प्रश्न होता, तू इथे आहेस की नाहीस. आहेस तर तुझी नोंद, पुढे फोटोपास. नाहीस तर नाहीस. १९७६चा तो कागद पुढे कितीतरी घरांत कुराणशरीफच्या किंवा देव्हाऱ्याच्या शेजारी जपून ठेवला गेला, कारण पत्र्याच्या घराला तेवढाच काय तो आधार होता.

पाच वर्षांनी, जुलै १९८१मध्ये, मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवायचं. आपल्या कोकणातला हुशार बॅरिस्टर, आपल्याकडे आजही त्यांचं नाव अदबीने घेतात, मीही घेतो. पण भर पावसात बसगाड्यांत बसवून माणसं शहराबाहेर सोडण्याचा तो निर्णय वाईटच होता आणि ते म्हणायला संकोच कशाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ते ओळखलं जातं. अर्जदारांत माहीमच्या तुळशी पाईप रोडवरचे, म्हणजे आजच्या सेनापती बापट मार्गावरचे झोपडीवासीही होते. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे तत्त्व त्यात मान्य झालं. कायद्याच्या प्रत्येक वर्गात ते शिकवतात.

त्याच निकालाचं दुसरं कलम मात्र फारसं कोणी शिकवत नाही. पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत, कोणाला हटवू नये असं न्यायालयाने सांगितलं. यात दया आहे, नक्कीच आहे. पावसात छप्पर काढून घेऊ नये हे कोणालाही पटतं. पावसाळ्यात झोपड्या तोडायच्या नाहीत हा दंडक नंतरच्या सरकारी निर्णयांतही टिकला. पण कॅलेंडर समोर ठेवून पाहा. पावसाळा वगळला की तोडफोडीचा हंगाम सुरू कधी होतो? थंडीच्या तोंडावर. २००४च्या डिसेंबरात आणि २००५च्या जानेवारीत, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना, मुंबईत ऐंशी हजारांच्या आसपास झोपड्या पाडल्या गेल्या. बहुतेक उपनगरांतल्या. पाऊस सगळ्यांना दिसतो, न्यायमूर्तींच्या खिडकीतूनही. थंडी पांघरुणात असलेल्याला दिसत नाही.

निकाल लागला त्याच वर्षी एक वेगळी मोजणी झाली. भायखळ्याच्या ‘स्पार्क’ या संस्थेने ई वॉर्डातल्या आणि काही मोठ्या रस्त्यांवरच्या फुटपाथवासीयांची गणना केली. सुमारे सहा हजार कुटुंबं, सत्तावीस हजारांच्या घरात माणसं. अहवालाचं नाव ‘वुई द इनव्हिजिबल’, म्हणजे आम्ही, न दिसणारे. यातून पुढे ‘महिला मिलन’ उभं राहिलं. त्यात भायखळा-नागपाड्याच्या फुटपाथवरच्या मुसलमान बायका मोठ्या संख्येने होत्या. या बायकांनी एक युक्ती काढली. महापालिकेची गाडी आली की भांडत बसण्याऐवजी स्वतःच झोपडी उतरवून ठेवायची. म्हणजे फळ्या, प्लास्टिक, भांडी आणि अंथरूण-पांघरूण गाडीत जात नाही. गाडी गेली की पुन्हा उभं करायचं. ज्यांना आपण अनपढ म्हणतो त्यांनी आपल्या गरजेचा इतका नेमका हिशेब मांडला होता. घर पुन्हा बांधता येतं, रजाई एकदा गेली की त्या हिवाळ्यात पुन्हा मिळत नाही.

एक हिवाळा माझ्या स्वतःच्या आठवणीतला आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. श्रीकृष्ण आयोगाने त्या दोन महिन्यांतले ९०० मृत्यू नोंदवले, त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी इथे वेगळंच सांगतो. मी तेव्हा शाळेत होतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या इमारतीत बाहेरून कुटुंबं येऊन उतरली. गच्चीत, जिन्यात, मदरशाच्या हॉलमध्ये. अंगावरच्या कपड्यांनिशी. तरुण पोरं घरोघर फिरून कांबळी गोळा करत होती आणि जो पुढे येईल त्याला देत होती. दादीने त्यांना थांबवलं. माझी चौरेघी वही घेतली, मागच्या पानावर मला लिहायला बसवलं आणि स्वतः एकेका कुटुंबापुढे जाऊन बसली.

“दूधपीता बच्चा है क्या? बूढ़ा कौन है? दरवाज़े के पास कौन सोता है?”

एवढंच. कुठून आलात, काय झालं, कोणी केलं, यातलं एक अक्षर तिने विचारलं नाही. मी नंतर कारण विचारलं तर म्हणाली, “वो सब पूछने वाले बहुत आएंगे, बेटा.” तिसरा प्रश्न तिला कसा सुचला ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. दाराजवळ घरातली सून झोपते नाहीतर सगळ्यांत परका माणूस. वारा त्याला लागतो आणि तो मागत नाही. खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकूंनी तीन गोधड्या पाठवल्या होत्या, जुन्या लुगड्यांच्या, जड. त्या दादीने दाराजवळच्यांना दिल्या.

आता आपल्या आजच्या कांबळं वाटपाकडे येऊ. डिसेंबरात मोहल्ल्यामोहल्ल्यात बॅनर लागतात. जकात-सदक्याचा पैसा असतो, नियत चांगली असते. ट्रकभर पातळ कांबळी येतात, रस्त्याच्या कडेला रांग लागते, फोटो निघतात. ज्याला रांगेत उभं राहता येतं त्याला दोन मिळतात. ज्याला उठवत नाही त्याला एकही नाही. ज्या बाईला रात्रीच्या अंधारात अनोळखी पुरुषांच्या रांगेत जायचं नाही, तिला तर नाहीच. आणि दिवसा ते कांबळं ठेवायचं कुठे? फुटपाथवर कपाट नसतं. काहींनी मला सरळ सांगितलं की विकून टाकतो, त्यापेक्षा जाड चादर आणि खाली टाकायला रबरी शीट दिली तर बरं होईल. लादीची थंडी वरच्या कांबळ्याने जात नाही, हे त्यांना माहीत आहे, वाटणाऱ्याला माहीत नाही. कोणाला खोकल्याचं औषध हवं असतं, कोणाला पहाटे प्यायला गरम पाणी, कोणाला फक्त पोराला रात्री आत घेईल असा निवारा.

निवाऱ्यांचं माप कागदावर आहे. दिल्लीत थंडीने माणसं मेल्यावर २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातलं. नंतर केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाने ठरवलं की दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांना पुरेल एवढा कायमचा निवारा हवा. २०११ची मुंबईची लोकसंख्या एक कोटी चोवीस लाख. पाचवीच्या मुलालाही गुणाकार येईल, सव्वाशे निवारे आणि बारा हजारांहून जास्त जागा. त्याच जनगणनेत शहरातले बेघर सत्तावन्न हजारांच्या आसपास मोजले गेले. म्हणजे मापाप्रमाणे सगळं उभं राहिलं तरी पाचातले जवळजवळ चार बाहेरच.

त्या मोजणीत मीही होतो. आम्हा शिक्षकांना जनगणनेची ड्युटी असतेच आणि बेघरांची गणना एकाच रात्रीत करायची असते. २०११मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली, तोवर थंडी सरली होती. माझ्या वाट्याला परळचा भाग होता. तिथल्या मोठ्या रुग्णालयांच्या बाहेर फुटपाथवर रुग्णांचे नातेवाईक झोपतात, कित्येकदा उपचार चालू असलेले रुग्णही. उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, आपला मराठवाडा, सगळीकडचे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांसाठीच चालते, पण तिथल्या खोल्या किती पुरणार? एका माणसाजवळ बसून मी विचारलं, बेघर आहात का. तो जरा दुखावलाच. “घर है साहब, दरभंगा में. पक्का है.” त्याच्या मांडीवर आठेक वर्षांची मुलगी होती, डोक्यावरचे केस गेलेले, फेब्रुवारी संपत आलेला तरी स्वेटर, त्यावर शाल, आणि तरी अंग आक्रसून घेतलेली. केमोच्या औषधांनंतर अंगात हुडहुडी भरते, रक्त कमी झालं की वीस अंशांतही बोटं गार पडतात. तिच्या थंडीसाठी माझ्या फॉर्मवर रकाना नव्हता. तो असायलाच हवा असंही नाही, जनगणनेचं काम वेगळं असतं. पण मग तो रकाना कोणत्या फॉर्मवर आहे? महापालिकेच्या? रुग्णालयाच्या? आपल्या जमातीच्या? मी शोधतो आहे.

पुढची जनगणना फेब्रुवारी २०२७मध्ये आहे, १ मार्चची मध्यरात्र ही तिची संदर्भवेळ. आम्ही शिक्षक पुन्हा निघू, या वेळी मोबाइल घेऊन. त्याआधी मधे एक डिसेंबर आणि एक जानेवारी येतो. आमच्या मोहल्ल्यातल्या कमिटीला मी सांगितलं आहे की या वर्षी कांबळ्यांची ऑर्डर देण्याआधी चार रात्री भायखळा पुलापासून हिंदमातापर्यंत चालू, बरोबर बायका असू देत, आणि वहीत तीनच प्रश्न लिहून नेऊ. अध्यक्षसाहेब म्हणाले, ऑर्डर नोव्हेंबरात दिली तर स्वस्त पडते. त्यांचंही खरं आहे. म्हणून आम्ही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात चालायला सुरुवात करतो आहोत.